कोणापेक्षा शहाणी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गात स्वभाववर्णनाचा धडा आला. मी पुण्यात जर्मन शिकवते, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. पूर्वी वर्गात बहुतेक इंजिनियर असत, नाहीतर भाषेची आवड म्हणून येणाऱ्या गृहिणी. आता निम्म्याहून जास्त नर्स मुली असतात. जर्मनीत नर्सेसचा तुटवडा आहे, इथले पगार तुटपुंजे आहेत, आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून तर गावोगावच्या मुली चौकशीला येतात. तर अशा सतरा जणांच्या वर्गात अकरा मुली, सहा मुलगे. धडा तसा सोपा. माणसाचा स्वभाव सांगणारी तीसेक विशेषणं पाठ करायची, मग दोन माणसांची तुलना करायची. घरचा अभ्यास म्हणून मी दरवर्षीचाच विषय दिला : तुमच्या घरातल्या दोन माणसांबद्दल आठ ओळी लिहा.

वह्या तपासायला घेतल्या. सतरापैकी पंधरा आया 'हिल्फ्सबेराइट' निघाल्या, म्हणजे मदतीला तत्पर. तेरा आया 'गेडुल्डिश', म्हणजे सोशिक. 'फ्लाइसिश', कष्टाळू, तर सगळ्याच. वडील मात्र 'श्ट्रेंग', कडक, 'पण मनाने चांगले'. वडील हुशार, वडील प्रामाणिक, वडील थोडे आळशी पण विनोदी. एका मुलीने लिहिलं होतं, माझी बहीण माझ्यापेक्षा सुंदर आहे, पण मी तिच्यापेक्षा कष्टाळू आहे. दुसरीने लिहिलं, माझी वहिनी माझ्या आईइतकी सोशिक नाही. 'पेक्षा'साठी 'अल्स' हवं तिथं 'अल्स' होतं, 'इतकी'साठी 'वी' हवं तिथं 'वी'. लाल पेन हातात धरून मी बसले होते आणि दुरुस्त करायला काही सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, कोणाकोणाची आई रागावते? सगळे हसले, सगळ्यांचे हात वर. मग एकाही आईला 'श्ट्रेंग' का नाही म्हटलंत? जरा वेळ कोणी बोलेना. शेवटी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आई श्ट्रेंग नसते. आई चिडचिड करते."

मैत्रिणींनो, ते वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. बाप रागावला की ती शिस्त आणि आई रागावली की ती चिडचिड. राग एकच, पण तो दोन निरनिराळ्या खात्यांत मांडलेला. आपल्या मराठीत ही दुहेरी खातेवही किती जाडजूड आहे पाहा. तो करारी, ती कजाग. तो स्पष्टवक्ता, ती फटकळ. तो महत्त्वाकांक्षी, ती पुढंपुढं करणारी. 'खाष्ट' हा शब्द तर जणू सासूसाठीच राखून ठेवलेला, सासरे कितीही छळवादी असोत. आणि याच्या उलट, 'सोशिक जावई' कोणी ऐकलाय का? माझ्या लग्नाच्या वेळी वधूवरसूचक मंडळाच्या कागदावर वडिलांनी माझ्याबद्दल 'गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ' असं लिहिलं होतं. मी तेव्हा एम.ए.ला होते आणि मला साधा वरण-भातही धड येत नव्हता. पण मुलीचा स्वभाव म्हणजे हाच, हे वडिलांनाही ठाऊक होतं आणि मंडळालाही. मुलाच्या कागदावर स्वभावाचा रकाना मोकळाच असे, तिथं पगार लिहीत.

जर्मन शिकायला लागले तेव्हा, म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीस, मला त्या भाषेचं एक फार बरं वाटलं होतं. मराठीत तो शहाणा, ती शहाणी, ते शहाणं. विशेषण आधी माणसाचं लिंग विचारतं आणि मग त्याला चिकटतं. जर्मनमध्ये 'तो क्लूग आहे', 'ती क्लूग आहे', 'ते क्लूग आहे'. वाक्याच्या शेवटी आलेलं विशेषण जागचं हलत नाही. (नामाच्या आधी आलं की तिथंही शेपूट बदलतं, आणि ते शेपूट लक्षात ठेवता ठेवता विद्यार्थी रडकुंडीला येतात, ती गोष्ट वेगळी.) शिवाय मराठीत बाईला नुसतं 'शहाणी' म्हणणं कठीण. 'फार शहाणी आहेस' म्हटलं की ती शिवी. दीडशहाणा पुरुषालाही म्हणतात, नाही असं नाही; पण त्याच्या वाट्याला निदान एक सरळ 'शहाणा'ही येतो. मला वाटलं, ही भाषा आपल्याला सुटसुटीत हुशार म्हणेल.

शब्दकोश उघडल्यावर तो भ्रम गेला. जर्मनमध्ये महत्त्वाकांक्षी माणसाला 'एअरगाइत्सिश' म्हणतात. त्यात दोन शब्द आहेत, 'एअर' म्हणजे मान आणि 'गाइत्स' म्हणजे पूर्वीच्या अर्थाने हाव. मानाची हाव असणारा. पुरुषाच्या बाबतीत ती हाव कधीच विसरली गेली. बाईला मात्र आणखी एक शब्द तयार झाला, 'कारिएरफ्राउ', करियरवाली बाई. करियरवाला पुरुष असा शब्द रोजच्या बोलण्यात नाही, कारण पुरुषाला करियर असणारच. तशीच 'पॉवरफ्राउ'. कौतुकानेच म्हणतात, पण त्यातून बाई मुळात शक्तिहीन असते हेही सांगून टाकतात. हट्टी, आखडू बाई 'त्सिकिश', म्हणजे बकरीसारखी. ठामपणे उत्तर देणाऱ्या बाईच्या 'दातांवर केस आहेत' असं म्हणतात. हा वाक्प्रचार मी वर्गात सांगितला की सगळे खो-खो हसतात, आणि मग कोणीतरी हळूच विचारतं, पुरुषांना म्हणतात का? क्वचित. आणि बाईने एखादं अवघड काम निभावून नेलं की ती 'आपला पुरुष उभा करते'. आपण म्हणतो ना, 'ती या घरातला पुरुष आहे', तसंच.

सगळ्यांत जहरी शब्द 'राबेनमुटर', डोमकावळ्याची आई. लहान मूल घरी ठेवून नोकरीला जाणाऱ्या आईला हा शब्द लावतात. बापाला लावायचा तसा शब्द आहे, पण तो कोशातच झोपलेला असतो. यात अन्याय त्या पाखरावरही आहे. ही पिल्लं उडता येण्याआधीच घरट्याबाहेर धडपडताना दिसतात म्हणून लोकांनी आईला निर्दय ठरवलं. प्रत्यक्षात नर आणि मादी दोघंही त्यांना पुढं बरेच दिवस भरवतात. जर्मनीला गेलेल्या माझ्या विद्यार्थिनींपैकी काहींची मुलं इथं आजीकडे आहेत. हा शब्द शिकवताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळते.

काही शब्दांचं आयुष्यच सांगण्यासारखं आहे. 'ब्राफ' म्हणजे एकेकाळी शूर. आज 'ब्राफ' म्हणजे सांगितलेलं ऐकणारं गुणी मूल. 'वाइप' हा बाईसाठीचा साधा शब्द होता. तो घसरत घसरत शिवीजवळ आला. 'फ्राउ' मूळची खानदानी स्त्री, ती त्याच्या जागी सामान्य बाई होऊन बसली. आणि 'फ्रॉइलाइन', म्हणजे छोटी फ्राउ. लग्न न झालेल्या बाईला, मग ती साठ वर्षांची का असेना, असं संबोधत. १९७२ साली पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने सरकारी कामकाजात तो शब्द बंद केला आणि प्रत्येक प्रौढ स्त्रीला 'फ्राउ' म्हणावं असं ठरवलं. ते आपसूक झालं नाही, त्यामागे बायकांचा रेटा होता. 'मेडशेन', मुलगी, हा शब्द मात्र अजून नपुंसकलिंगी आहे. त्याला 'शेन' हा लघुत्वाचा प्रत्यय आहे आणि तो लागला की काहीही नपुंसक होतं. आपण हसायचं कारण नाही. कोकणीत 'चेडूं' नपुंसकलिंगी आहे, आणि आपलं 'बाईमाणूस'ही 'ते'च असतं.

१९८० साली चार भाषाशास्त्रज्ञ बायकांनी एकत्र येऊन, स्त्रियांना कमी लेखणारी जर्मन कशी टाळावी याची मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली. त्यांतल्या लुइझे पुश यांचं 'पुरुषांची भाषा म्हणून जर्मन' अशा नावाचं पुस्तक १९८४ साली आलं. त्यात त्यांनी एक गमतीदार उद्योग केला आहे. डूडेन हा जर्मनांचा प्रमाण मानलेला कोश. त्याच्या एका खंडात शब्दांचे अर्थ समजावण्यासाठी दिलेली उदाहरणाची वाक्यं त्यांनी वेचून एकत्र मांडली, तर एक स्वस्तातली कादंबरीच तयार झाली. त्यात तो पराक्रमी आणि ती त्याच्याकडे मान वर करून बघणारी. कोशकारांनी काही कट केला नव्हता. त्यांना सहज सुचली ती वाक्यं त्यांनी दिली. माझ्या सतरा वह्यांतही तेच झालं होतं.

आता तुलनेकडे येते, कारण खरी मेख तिथंच आहे असं मला वाटतं.

मराठीत तुलनेसाठी विशेषण बदलत नाही, 'पेक्षा' आणि 'सर्वात' यांवर काम भागतं. जर्मनमध्ये शब्दच बदलतो. 'क्लूग', त्याहून शहाणा तो 'क्ल्यूगर', आणि सर्वात शहाणा 'अम क्ल्यूगस्टन'. विद्यार्थी घाबरतात तेव्हा मी त्यांना ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे शब्द आठवायला सांगते. संस्कृतातला हा 'इष्ठ' आणि जर्मनमधला 'स्ट' एकाच घराण्यातले आहेत. एक गंमतही सांगते : जर्मनमध्ये 'अधिक म्हातारी बाई' ही 'म्हाताऱ्या बाई'पेक्षा तरुण असते. 'एल्टरे डामे' म्हणजे पोक्त बाई, सौम्य करून म्हटलेली. तुलनेचं रूप वापरलं की शब्दाची धार बोथट होते.

घराघरात मात्र तुलनेची धार कधी बोथट होत नाही. बहिणी-बहिणी, जावा-जावा, सून आणि लेक, थोरली आणि धाकटी. आपल्या सगळ्यांना लहानपणापासून कोणाच्या ना कोणाच्या शेजारी उभं करून मोजलं गेलं आहे, आणि ती शेजारची कायम दुसरी बाईच होती. सासूशी सुनेची तुलना होते, सासऱ्याशी होत नाही. आणि समजा त्या मोजणीत आपण वरचढ ठरलो, तर बक्षीस काय? 'तू तिच्यापेक्षा समजूतदार आहेस ना, मग तूच घे पडतं.' जर्मनमध्ये अगदी हीच म्हण आहे, 'डेअर क्ल्यूगरं गिप्ट नाख', जो अधिक शहाणा तो माघार घेतो. म्हणीत व्याकरणाने तो पुरुष आहे. माघार मात्र प्रत्यक्षात कोण घेतं ते आपण जाणतोच. मारी फॉन एब्नर-एशनबाख या ऑस्ट्रियन लेखिकेने एकोणिसाव्या शतकातच या म्हणीची चांगली फिरकी घेतली होती. शहाणे सारखे माघार घेत राहिले तर राज्य कोणाचं होणार, हे तिने दाखवून दिलं.

मी त्या वह्या पुन्हा एकदा चाळल्या. सतरा जणांत 'माझी आई माझ्या वडिलांपेक्षा हुशार आहे' असं वाक्य एकानेही लिहिलं नव्हतं. 'माझे वडील माझ्या आईइतके कष्टाळू नाहीत' हेही नाही. व्याकरण तर सगळ्यांना येत होतं. वर्गात म्हटलं, चला, आता आई आणि वडील यांचीच तुलना करा, 'क्ल्यूगर' वापरून. पेनं थांबली. मागच्या बाकावरचा एक मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, आईच हुशार आहे आमच्यात. पण असं लिहायचं कसं?"

अंगेला मेर्केल २००५ साली चॅन्सेलर झाल्या तेव्हा 'बुंडेसकान्सलरिन', म्हणजे स्त्री-चॅन्सेलर, हा जर्मन भाषेचा त्या वर्षीचा मानाचा शब्द ठरला. आधी त्या पदावर बाई कधी आलीच नव्हती, त्यामुळे तो शब्द वापरायची वेळही आली नव्हती. मेर्केलबाई सोळा वर्षं त्या पदावर होत्या. राजकारणात आल्या तेव्हा त्यांना कोलसाहेबांची 'मेडशेन' म्हणत, आणि पुढं 'मुटी', म्हणजे आई. त्यांचं राजकारण मला पटायचंच असं नाही. पण मुलगी आणि आई यांच्यामध्ये एक प्रौढ, हुशार, धूर्त राजकारणी बाई असू शकते, तिला शब्द सापडू नये?

'शब्दांचं काय घेऊन बसलात, शब्द बदलून पगार वाढतो का?' असं आपल्या चळवळीतल्या मैत्रिणीही विचारतात. जर्मनीत तरी त्याचं उत्तर 'हो' असं आहे. तिथं नोकरी सोडताना मालकाकडून प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क कायद्याने आहे. त्याला 'त्सॉइग्निस' म्हणतात. पुढची नोकरी, पुढचा पगार बराचसा त्यावर ठरतो. हे प्रमाणपत्र सहृदयपणे लिहिलं पाहिजे असं न्यायालयांनी ठरवलेलं, म्हणून वाईट कोणी लिहीत नाही. सगळं गोडच असतं. त्या गोडव्यातल्या तुलनेच्या पायऱ्या ओळखता आल्या पाहिजेत. 'सोपवलेली कामं आमचं समाधान होईल अशी केली' म्हणजे बेताचं काम. 'पूर्ण समाधान' म्हणजे मध्यम. 'नेहमी पूर्ण समाधान' म्हणजे चांगलं. 'नेहमी सर्वात पूर्ण समाधान' म्हणजे उत्तम. पूर्णाहून अधिक पूर्ण काही असू शकत नाही, व्याकरणवाले त्यावर कपाळाला हात लावतात, पण पगार त्या 'फॉल्स्टेन'वर मिळतो. 'तिने प्रयत्न केला' असं लिहिलेलं असेल तर समजावं की काही खरं नाही. गंमत म्हणजे कायदा अशा आडवळणाच्या भाषेला मनाई करतो, आणि न्यायालयं निवाडे करतात ते याच पायऱ्यांवर.

दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळणारी एक बाई यासाठी जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयापर्यंत गेली. तिच्या प्रमाणपत्रात 'पूर्ण समाधान' होतं, तिला त्याआधी 'श्टेट्स', म्हणजे 'नेहमी', हवं होतं. एका शब्दाची लढाई. खालच्या दोन न्यायालयांनी तिच्या बाजूने कौल दिला. २०१४ साली एरफुर्टच्या त्या न्यायालयाने तो फिरवला. मध्यमपेक्षा वरचा शेरा हवा असेल तर आपण तेवढं चांगलं काम केलं हे नोकरी करणाऱ्याने सिद्ध करायचं, असं त्यांनी म्हटलं आणि खटला खाली परत पाठवला. म्हणजे स्वतःची तुलना स्वतःच करून, पुराव्यानिशी मांडायची. आयुष्यभर 'मी काय विशेष केलं' असं म्हणायला शिकलेल्या बाईला हे किती जड जात असेल! त्याच देशात २०२४ मध्ये बायकांची तासाची सरासरी कमाई पुरुषांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी होती.

हे सगळं मला इतकं तपशिलात शिकावं लागलं, कारण त्या वह्या तपासल्या त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा निरोप आला. सहा वर्षांपूर्वी तीही याच धड्याला माझ्या वर्गात होती. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात चार वर्षं काढून ती दुसऱ्या गावी रुग्णालयात निघाली होती. प्रमाणपत्राचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, "मॅडम, बघा किती छान लिहिलंय माझ्याबद्दल!" छानच होतं. प्रेमळ, हसतमुख, मदतीला तत्पर, सोशिक, आजी-आजोबांची लाडकी. आमच्या सतरा वह्यांतली आईच जणू तिथं जाऊन उभी राहिली होती. आणि त्याखाली एक ओळ : कामं आमचं समाधान होईल अशी केली. 'पूर्ण' नाही, 'नेहमी' नाही. रात्रपाळीला मजल्यावर एकटी असायची त्याचा उल्लेख नाही, दोन नव्या मुलींना तिने तयार केलं त्याचाही नाही. 'झेल्ब्स्टश्टेन्डिश', स्वतंत्रपणे काम करणारी, हा शब्द कुठेच नाही. तिच्याबरोबरच लागलेल्या एका सहकाऱ्याला 'नेहमी सर्वात पूर्ण' मिळालं होतं. त्याच्या सोशिकपणाबद्दल अक्षर नव्हतं.

फोन करून तिला हे समजावून सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी माझा स्वभाव लिहिला. काम लिहिलंच नाही."

दुरुस्तीसाठी पत्र लिहायचं ठरलं. मी म्हटलं, सरळ 'श्टेट्स' आणि 'फॉल्स्टेन' दोन्ही माग, त्याला मिळालं तर तुला का नाही? 'गेनाउझो गूट वी', त्याच्याइतकंच चांगलं, ही रचना तू माझ्याकडेच शिकलीस. ती अडखळली. "सर्वात पूर्ण म्हणजे जरा जास्त होईल ना, मॅडम? गर्विष्ठ वाटेल." शेवटी तिने 'नेहमी' आणि 'पूर्ण' एवढंच मागितलं, आणि खाली चार वर्षांच्या रात्रपाळ्यांची तारीखवार यादी जोडली. ती यादी करताना दोन रात्री जागली म्हणाली. आपण एवढं काम केलंय हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. 'नेहमी' मिळालं, 'पूर्ण' मिळालं. रात्रपाळ्यांचं एक वाक्य आलं, पण 'स्वतंत्रपणे' हा शब्द काही त्यात बसवलेला नाही. 'सोशिक' जिथल्या तिथे आहे. ती आता दुसरं पत्र लिहिते आहे. मी विचारलं, मसुदा तपासायला पाठवतेस ना? तर म्हणाली, "नको मॅडम, तुम्ही चुका काढाल आणि परत उशीर होईल. चुका राहिल्या तरी त्यांना कळेल मला काय म्हणायचंय ते."